राजा रविवर्मा: माणसांची चित्रं, देवांची चित्रं आणि आपल्या घरातली तसबीर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या तसबिरी जमवतो असं एकदा चारचौघांत बोलून गेलं, की चित्रकार राजा रविवर्मांबद्दल प्रश्न येतच राहतात. लग्नात, श्राद्धाला, एसटीत, कुठेही. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम माझ्या मनाचा आहे.

आमच्या देवघरातली लक्ष्मी खरंच रविवर्मांनी काढलेली आहे का?

कमळावर उभी, चार हात, शेजारी पाण्यात सोंडेत माळ धरलेला हत्ती? मग तिचं मूळ बहुतेक रविवर्मांच्या १८९६ च्या सुमाराच्या चित्रात सापडेल. खडकावर बसलेली, वाद्य हातात घेतलेली आणि जवळ मोर असलेली सरस्वतीही त्याच काळातली. पण तुमच्या भिंतीवर आहे तो छापील कागद. त्यांनी तैलरंगात एक चित्र काढलं, त्यावरून छापखान्यात प्रती निघाल्या, त्या प्रतींवरून इतरांनी नकला केल्या आणि त्या नकलांवरून कॅलेंडरवाल्यांनी आणखी नकला केल्या. तुमची लक्ष्मी या उतरंडीत कुठल्या पायरीवर आहे ते चित्र हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. ओळखायचं कसं ते पुढे दिलं आहे.

ते खरोखर राजा होते का?

राज्य करणारे नव्हते. जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. त्या घराण्याचे त्रावणकोरच्या राजघराण्याशी लग्नसंबंध होते आणि घरातले पुरुष 'कोयिल तंपुरान' म्हणवत. १९०४ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं, त्यात 'राजा रविवर्मा' असा उल्लेख आला आणि तेच नाव रूढ झालं. त्यांच्या दोन नाती मात्र १९०० साली त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या.

तैलरंग शिकले कुणाकडून? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत होते का?

नाही. जे. जे. मध्ये शिकला तो त्यांचा मुलगा, रामा वर्मा. ते स्वतः कुठल्याच कलाशाळेत गेले नाहीत. पहिले धडे घरात, राजा राजा वर्मा या मामांकडे. चौदाव्या वर्षी, १८६२ साली, मामा त्यांना तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी घेऊन गेले. तिथे रामस्वामी नायडू नावाचे दरबारी चित्रकार होते, पण त्यांनी हातचं राखलं. नायडूंचा एक शिष्य रात्री गुपचूप येऊन शिकवायचा असं सांगतात. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा डॅनिश चित्रकार राजघराण्याची चित्रं काढायला आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त शेजारी उभं राहून बघू दिलं. घराण्याच्या गवयांकडे पडद्याआड बसून गाणं शिकलेल्यांच्या गोष्टी आपल्याकडे आहेत, हा त्यातलाच प्रकार.

आणि हो, घरात ते एकटेच चित्रकार नव्हते. धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा (मामांच्याच नावाचे, त्यामुळे गोंधळ होतो) निसर्गचित्रात तरबेज होते. मोठ्या चित्रांच्या मागचे डोंगर, पाणी, आकाश यांत त्यांचा हात असे. बहीण मंगलाबाईंनी काढलेलं रविवर्मांचं व्यक्तिचित्र आज उपलब्ध आहे.

आधी देव काढले की माणसं?

माणसं. बाकी कुठलंही उत्तर लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या, कारण देवांच्या चित्रांचं मर्म इथेच आहे.

१८७० च्या सुमाराला ते कोल्लूरच्या मूकांबिकेच्या देवळात एक्केचाळीस दिवस उपासनेला बसले आणि परतीच्या वाटेवर त्यांना पैसे देऊन सांगितलेलं पहिलं काम मिळालं, अशी हकीकत चरित्रांत येते. ते काम म्हणजे कोळिकोडच्या किळक्के पालाट कृष्ण मेनन यांच्या कुटुंबाचं चित्र. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं ते केसांत जाईची माळ घालणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्या चित्राचा गौरव झाला. म्हणजे नाव झालं ते आरशासमोर बसलेल्या एका साध्या बाईमुळे. तोवर देव कुठेच नव्हते.

पुढे मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम, त्रावणकोरची राणी लक्ष्मीबाई, बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि महाराणी चिमणाबाई, म्हैसूरचे वडियार, उदेपूरचे महाराणा असे एकेक दरबार होत गेले. वर्षानुवर्षं समोर बसलेल्या माणसाच्या गालावरचा उजेड, रेशमाची सळ, मोत्याची झाक टिपणारा हा हात. तो हात दमयंतीकडे वळला तेव्हा त्याने दमयंतीलाही समोर बसवलं. माझ्या मते रविवर्मांच्या देवी ही व्यक्तिचित्रंच आहेत, फक्त बसणाऱ्या बाईंचं नाव बदललं आहे. भक्तांना त्या जवळच्या वाटल्या त्या यामुळे, आणि टीकाकारांना त्या खटकल्या त्याही यामुळेच.

त्यांच्या व्यक्तिचित्रांत नेमकं काय बघायचं?

आधी कापड बघा. किनारीची जर वळणावर कुठे झळकते आणि घडीत कुठे विझते ते डोळ्यांनी शोधा. मग दागिने. रविवर्मांच्या चित्रातला दागिना सोनाराला दाखवला तर तो घडवून देईल, इतका नेमका असतो. हात मात्र कधी कधी अवघडलेले वाटतात, नाकारण्यात अर्थ नाही. पुरुषांच्या चित्रांत, विशेषतः संस्थानिकांच्या, मला थोडा कंटाळा येतो. तलवार, पदकं, खुर्ची, मागे पडदा. बायकांच्या आणि घरातल्या माणसांच्या चित्रांत ते खुलतात. आपल्या थोरल्या मुलीला, महाप्रभाला, कडेवर मूल घेऊन उभी दाखवून काढलेलं १८९३ चं चित्र त्यात सगळ्यात वर. ती मुलाला वडील आले ते दाखवते आहे, पायाशी कुत्रा आहे, आणि बघणाऱ्यालाही वाटतं की बाहेरून कुणीतरी येतंय.

ते छायाचित्रांवरून काढत का?

गरज पडली तर, होय. हयात नसलेल्या माणसाचं चित्र हवं असेल तर दुसरा उपाय नव्हता. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही, युरोपातले चित्रकारही तेच करत होते.

बडोद्याची चौदा चित्रं म्हणजे कुठली?

सयाजीरावांना लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातले प्रसंग हवे होते. काम १८८८ ला सांगितलं गेलं, १८९० ला पूर्ण झालं. नल-दमयंती, अर्जुन-सुभद्रा, शंतनू आणि मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, कीचक आणि सैरंध्री, कंस आणि माया, हरिश्चंद्र-तारामती, द्रौपदीवस्त्रहरण, सीतेचा भूमिप्रवेश ही त्यांतली काही. ती आधी तिरुवनंतपुरमला लोकांसाठी मांडली होती.

यादी पुन्हा वाचा. पूजेला मांडावी अशी मूर्ती यात एकही नाही. सगळे प्रसंग आहेत, आणि तेही घासाघासीचे. शंतनू मत्स्यगंधेपुढे उभा आहे आणि ती मान वळवून गप्प आहे. सैरंध्रीला कीचकाकडे जायचं नाही आणि तिला पाठवलं जातंय. कीर्तनकार आख्यानात जिथे थांबतो आणि श्रोत्यांकडे बघतो, नेमका तोच क्षण रविवर्मा पकडतात. आपल्या लोकांना ही चित्रं समजावून सांगावी लागली नाहीत, गोष्ट आधीच पाठ होती.

देवघरात बसतील असे समोर बघणारे देव, म्हणजे लक्ष्मी, सरस्वती वगैरे, ठळकपणे येतात ते नंतर, छापखान्याच्या काळात.

त्यांच्या देवी आणि नायिका साडी मराठी पद्धतीची का नेसतात? ते तर केरळचे.

हा माझा आवडता प्रश्न. केरळातल्या स्त्रीचा वेश त्यांनी वेगळा आणि फार सुंदर रंगवला आहे. पण दमयंती काय नेसत होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बडोद्याचं काम घेतल्यावर दोघे भाऊ पौराणिक काळाच्या वेशाचा शोध घेत उत्तर हिंदुस्थानात हिंडले. जागोजागी पेहराव वेगळा. सगळ्या देशाला आपला वाटेल असा एकच वेश काही सापडला नाही, तेव्हा त्यांनी साडीवर भिस्त ठेवली. बडोद्याच्या मराठी दरबारात आणि मुंबईत त्यांचा बराच मुक्काम होता, त्यामुळे दख्खनी नेसण डोळ्यांसमोर होती. काही चित्रांत काष्टा उघड दिसतो, काहींत फक्त निऱ्यांची आणि पदराची ठेवण. त्यांच्या लक्ष्मीचा पदर बघून आजी म्हणायची, 'आपल्यातली दिसते.' आजीला रविवर्मा कोण ते माहीत नव्हतं.

मराठी आणि पारशी नाटकांचाही परिणाम सांगतात. मुंबईत दोघे भाऊ नाटकं बघत, हे धाकट्या बंधूंच्या रोजनिशीवरून दिसतं. पण सगळं श्रेय नाटकाला देऊ नका. पत्र लिहिणारी शकुंतला त्यांनी १८७६ मध्ये काढली आणि ती मद्रासच्या गव्हर्नरने विकत घेतली. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं १८८० साली.

चित्रांसाठी बसणाऱ्या बायका कोण होत्या? गोव्याच्या गायिका का?

गायिका आणि कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया बसत असाव्यात, कारण त्या काळी घरंदाज बाई परक्या पुरुषासमोर तासन् तास बसणं शक्य नव्हतं. अंजनीबाई मालपेकर यांचं नाव नेहमी घेतलं जातं. पेडण्याजवळच्या मालपे गावच्या, भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका, पुढे कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांना त्यांच्याकडून तालीम मिळाली. मात्र कुठलंही चित्र दाखवून 'ही अंजनीबाई' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: त्यांचा जन्म १८८३ चा, बडोद्याची चित्रं संपली १८९० ला. सात वर्षांची मुलगी मेनका कशी होईल? नंतरच्या चित्रांबद्दल बोलत असाल तर बोलू.

रणजित देसाईंच्या कादंबरीत आणि 'रंगरसिया' सिनेमात आहे ती, रविवर्मा आणि चित्रासाठी बसणारी बाई यांची प्रेमकहाणी खरी का?

कादंबरी कादंबरी म्हणून वाचा, सिनेमा सिनेमा म्हणून बघा. पुरावा म्हणून भावाची रोजनिशी आहे. तिच्यात प्रवास, कामं, गाठीभेटी, हवा-पाणी असला मजकूर भरपूर आहे.

छापखान्याची कल्पना कुणाची? आणि तो महाराष्ट्रात का आला?

सूचना सर टी. माधवराव यांची. हे तंजावरी मराठी कुळातले, आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण. म्हणजे रविवर्मांना दोन्ही टोकांनी ओळखणारा माणूस. १८८४ मध्ये त्यांनी पत्र लिहून सुचवलं की, मागणी इतकी आहे आणि हात दोनच, तर निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्यावीत. रविवर्मांनी दहा वर्षांनी छापखानाच इथे आणला. १८९४ मध्ये गिरगावात, गोवर्धनदास खटाव मकनजी यांच्या भागीदारीत, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून. पहिलं छापील चित्र निघालं ते 'शकुंतलाजन्म'.

मुंबईच का? यंत्रं उतरायला बंदर, माल पाठवायला रेल्वे, आणि घाऊक व्यापारी हाताशी. पण १८९६ ला प्लेग आला, माणसं शहर सोडून पळाली आणि धंदा बसला. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ कार्ला-मळवलीला हलला. कर्ज वाढत गेलं. १९०१ मध्ये रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला, चित्रांच्या हक्कांसकट. म्हणजे रविवर्मांच्या नावाने घरोघर गेलेली कितीतरी चित्रं निघाली तेव्हा छापखाना त्यांचा राहिलेलाच नव्हता. श्लायशरने त्याच देवी साबणाच्या आणि बाळांच्या औषधांच्या जाहिरातींवर नेल्या.

ओलिओग्राफ म्हणजे काय?

रविवर्मा छापखान्यातून निघायची ती चित्रं. तैलचित्रासारखा दिसणारा शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली छपाई. खास जातीचा गुळगुळीत चुनखडी दगड जर्मनीहून येई. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्र बघून कारागीर ठरवायचा की या पिवळ्यावर तो तांबडा पडला की अंगाचा रंग येईल. जितके रंग तितक्या वेळा कागद दगडावर दाबला जायचा, आणि दर वेळी अगदी त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तर लक्ष्मीला दोन नाकं. शेवटी वॉर्निश, आणि कधी कॅनव्हाससारखा खरखरीत पोत. कारागीर मूळ चित्र आपल्या डोळ्याने पुन्हा उभं करायचा, म्हणून छापील चेहरा मूळ तैलचित्रापेक्षा बहुधा गोडसर होतो.

देवांना घरोघर पहिल्यांदा त्यांनीच नेलं ना?

असं सरसकट म्हणतात. पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ साली निघाला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच्या संस्थापकांपैकी. रामपंचायतन आणि पेशवाईतल्या पुरुषांची रंगीत चित्रं तिथून आधीच घरांत जात होती. कलकत्त्यातही असे छापखाने होते. रविवर्मांनी आणलं ते काहीतरी वेगळं: देवाच्या अंगावर पडलेली सावली. चित्रशाळेतल्या रामाला सावली जवळजवळ नाही, रविवर्मांच्या लक्ष्मीला आहे. सावली आली की वजन आलं, वजन आलं की समोर कुणीतरी उभं आहे असं वाटतं.

मग कलासमीक्षक त्यांना नावं का ठेवतात?

कलकत्त्याच्या कलाशाळेचे हॅवेल, कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी, विवेकानंदांच्या शिष्या भगिनी निवेदिता आणि बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ यांच्या गोटाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोरदार टीका केली. विषय आपले पण हात युरोपचा, भाव नाटकी, देवत्व नाही. निवेदितांना तर जमिनीवर लोळून पत्र लिहिणारी शकुंतला असभ्य वाटली. मला विचाराल तर नाटकीपणाचा आरोप अर्धा खरा आहे, काही चित्रांत पात्रं टाळीची वाट बघत उभी आहेत असंच वाटतं. पण अजिंठ्याच्या भिंतींसारखं काढलं असतं तर आमच्या आजीला ती 'आपल्यातली' वाटली नसती, हेही खरं.

दादासाहेब फाळक्यांशी काय संबंध?

फाळक्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काही काळ काम केलं, लोणावळ्याला स्वतःचा छपाईचा धंदाही काढला. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' मधली सुरुवातीची कुटुंबाची मांडणी रविवर्मांच्या चित्राच्या धर्तीवर आहे असं अभ्यासक सांगतात. बघितल्यावर पटतं.

मूळ तैलचित्रं कुठे बघायला मिळतील?

बडोद्याला महाराजा फत्तेसिंह संग्रहालय, लक्ष्मीविलासच्या आवारातच. मराठी माणसाने आधी इथेच जावं. म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा, तिथे निरनिराळ्या प्रांतांतल्या अकरा स्त्रियांचा वाद्यमेळ (१८८९) आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा गॅलरीतला संग्रह, २०२३ पासून त्याच आवारातल्या राजा रविवर्मा गॅलरीत, हंस-दमयंतीसाठी (१८९९). आणि हे सगळं लांब वाटत असेल तर सातारा जिल्ह्यात औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे, तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी जमवलेलं. शाळेच्या सहली तिथून अर्ध्या तासात उरकतात, तुम्ही तसं करू नका.

आमच्याकडचं चित्र जुनं आहे की नवी नक्कल?

खालची पट्टी वाचा. 'रविवर्मा प्रेस' आणि 'कार्ला' किंवा 'लोणावळा' अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर आशा आहे. मग घड्याळजीचं भिंग घ्या आणि देवीचा गाल बघा. सारख्या अंतरावर, जाळीसारखे बसलेले बारीक ठिपके दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. लहान-मोठे, वेडेवाकडे, हाताने टिंबलेले ठिपके असतील तर दगडावरची. चित्रातली सही बघून हुरळू नका, तीही छापलेलीच असते. रंग पिवळट असतील तर ते बहुधा वॉर्निशचं वय.

चित्रावर टिकल्या आणि जर शिवलेली आहे. काढून टाकू का?

मुळीच नको! घरातल्या कुणा बाईने दुपारी बसून, कागद न फाडता, सुईने ती साडी सजवली आहे. माझ्याकडच्या सरस्वतीच्या किनारीला खरी जर आहे, आणि मी ती चित्राहून जपतो.

मूळ तैलचित्र मिळालंच, तर परदेशातल्या मुलाकडे पाठवता येईल?

नाही. १९७९ पासून रविवर्मांची चित्रं कायद्याने 'कलानिधी' ठरली आहेत, देशाबाहेर कायमची नेता येत नाहीत. देशात खरेदी-विक्री होते, आणि लिलावात आकडे कोटींत जातात. छापील लक्ष्मीचे तसले आकडे येत नाहीत. दर श्रावणात कुणीतरी वाड्यातली तसबीर घेऊन डोळ्यांत बंगला घेऊनच येतं, म्हणून सांगून ठेवतो.

तसबिरीची काच फुटली आहे, कागदाला कसर लागली आहे. विसर्जन करावं का?

नदीत कागद, काच आणि खिळे सोडून कुठलीच देवी प्रसन्न होणार नाही. आधी काच काढा, तुकडे वरून खाली ओढू नका, चित्र पालथं घालून मागून चौकट सोडवा. मागे लाकडी फळी किंवा पुठ्ठा असेल तर कसर तिथेच लपलेली असते, तो टाकून आम्लमुक्त पुठ्ठा लावा. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. काच चित्राला चिकटणार नाही एवढी फट ठेवून चौकट करून घ्या, नाहीतर कोकणातल्या पावसात वॉर्निश काचेला धरतं आणि मग देवीचा चेहरा काचेसोबत निघतो. माझ्या एका चित्राचं असंच झालं, चौकट करणाऱ्याने घाई केली आणि मी बघत उभा राहिलो. उदबत्ती आणि समईच्या समोरून ते हलवा, उन्हाच्या भिंतीवर लावू नका. देवघरात नको असेल तर माजघरात लावा. आणि फळीच्या आतल्या बाजूला बघायला विसरू नका, तिथे कधी कधी शाईने लिहिलेली तारीख आणि विकत घेणाऱ्याचं नाव सापडतं.